पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग गेलं कुठं?

मागच्या अंकात ह्या पानावर मी एक ओळ अशीच जाता जाता टाकून दिली होती, की 'ट्विच प्लेज पोकेमॉन'चं अगदी सुरुवातीचं फुटेज आज सलग, पूर्ण असं बघायला मिळत नाही. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नव्हती, म्हणून ह्या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हाच विषय घेतेय. ज्यांनी ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरा, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, सगळे ह्याबद्दल बोलतात पण मला मुळात हे काय होतं तेच माहीत नाही. थोडक्यात सांगाल का? २०१४ मध्ये मी दुसरीत होतो.
— उशिरा जन्मलेला

थोडक्यात सांगते. १२ फेब्रुवारी २०१४ ला ऑस्ट्रेलियातल्या एका प्रोग्रामरने, ज्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही, ट्विचवर, म्हणजे लोक जिथे गेम खेळताना थेट दाखवतात त्या साइटवर, एक चॅनल चालू केलं. त्यावर गेम बॉयचा जुना पोकेमॉन रेड चालू होता आणि तो खेळणारं कुणीच नव्हतं, म्हणजे सगळेच होते. चॅटमध्ये तुम्ही अप, डाउन, लेफ्ट, राइट, ए, बी, स्टार्ट असं काही टाइप केलं की पायथनमध्ये लिहिलेला एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तो शब्द उचलायचा आणि एम्युलेटरला, म्हणजे कॉम्प्युटरवर जुना गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला, ते बटण दाबायला लावायचा. एवढंच. पैजेच्या कुस्त्या लावणारं सॉल्टीबेट नावाचं एक चॅनल त्याआधी चालायचं, त्यात कॉम्प्युटरच्या कॅरेक्टर एकमेकांशी लढायच्या आणि लोक खोट्या पैशांची पैज लावायचे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आणि पोकेमॉन का, तर तो गेम टर्नवर चालतो, तुम्ही तासभर भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात तरी कुणी मारायला येत नाही. दुसरा कुठला पळापळीचा गेम असता तर दहा मिनिटांत गेम ओव्हर.

तो गेम १ मार्चला संपला, १६ दिवस ७ तास आणि पाऊण तासात. ट्विचच्या हिशोबाने ११ लाख ६० हजारांच्या वर लोकांनी कधी ना कधी बटण दाबलं, एकाच वेळी जास्तीत जास्त १ लाख २१ हजार लोक होते आणि एकूण व्ह्यूज साडेपाच कोटी. दुसरीतल्या मुलांनीही दाबलं असेल बरं का, तुझा चान्स गेला.

प्रश्न : साडेपाच कोटी व्ह्यूज आणि रेकॉर्डिंग नाही? सॉरी पण पटत नाही. इंटरनेटवर एकदा गेलेलं कधी जात नाही असं आपणच सगळ्यांना सांगत असतो. कुणीतरी लपवून ठेवलं असणार.
— शंकेखोर

नाही हो, कुणी लपवलेलं नाही. लपवायला आधी ते महत्त्वाचं आहे हे कुणाला तरी कळावं लागतं, आणि पहिल्या दिवशी ते कुणालाच कळलं नव्हतं, ही तर सगळी गोष्ट आहे.

तुम्ही आकडे बघताय ते शेवटचे. पहिला दिवस अगदीच थंड होता. १७ फेब्रुवारीपर्यंत व्ह्यूज ६५ लाखांच्या वर गेले आणि कुठल्याही क्षणी साठ-सत्तर हजार लोक बसलेले असायचे, पण ते पाचव्या-सहाव्या दिवशी. मी स्वतः पाचव्या दिवशी पोचले, कुणीतरी लिंक पाठवली म्हणून. म्हणजे ज्या वेळी स्क्रीन रेकॉर्डर लावून बसणारी हौशी मंडळी आली, बातम्या आल्या, चित्रं काढणारे आले, त्या वेळी गेममधला गडी कधीच घराबाहेर पडलेला होता. म्हणून बघा, २३ फेब्रुवारीला झॅपडॉस नावाच्या पोकेमॉनला पीसीतून, म्हणजे गेममधल्या साठवणीतून, बाहेर काढायच्या नादात गर्दीने डझनभर पोकेमॉन एकामागून एक सोडून दिले, त्या रविवारचं फुटेज, जीआयएफ, रडणारी चित्रं, सगळं ढिगाने मिळतं. आणि पहिलं बटण कुणी दाबलं, गडी पलंगापासून जिन्यापर्यंत कसा गेला, ते बघायला जाल तर हाताला तुकडे लागतात.

आता तुम्ही म्हणाल की ट्विचवर आपोआप सेव्ह होत नव्हतं का. तर चॅनलवाल्याने जुनी प्रसारणं साठवायचं सेटिंग चालू केलेलं असेल तरच साठायचं, आणि चाचणी म्हणून चालू केलेल्या चॅनलवर ते सेटिंग बघायला कोण जातं? मी तरी गेले नसते. शिवाय हे काही दोन तासांचं स्ट्रीम नव्हतं, चोवीस तास चालू, मध्ये तुटायचं, परत जोडायचं, त्यामुळे जे साठलं तेही तुकड्या-तुकड्यात.

आणि मग आला ऑगस्ट २०१४. ६ ऑगस्टला ट्विचने जाहीर केलं की आता जुनी प्रसारणं कायमची राहणार नाहीत, साध्या चॅनलची १४ दिवस राहतील, पार्टनर आणि पैसे भरणाऱ्यांची ६० दिवस, कायमचं ठेवायचं असेल तर स्वतः बसून हायलाइट, म्हणजे निवडक तुकडे, कापा. त्यांनी कारणही दिलं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं, की साठवणुकीची ८० टक्के जागा अशा व्हिडिओंनी भरलीय जे कधीच कुणी उघडून बघत नाही. कित्येक पेटाबाइट. आता विचार करा, ज्या पहिल्या रात्रीला मूठभर लोक होते ती रात्र ह्या ८० टक्क्यांत बसणार की २० टक्क्यांत? त्याच दिवशी आवाज ओळखणारी यंत्रणाही लागली, त्यात कॉपीराइट असलेलं गाणं सापडलं की अर्धा-अर्धा तासाचे तुकडेच्या तुकडे मुके व्हायचे. जुनी माणसं सांगतात तो 'मुका सिनेमा' प्रकार तो हाच. स्वयंसेवकांनी त्या काही आठवड्यांत जमेल तेवढं उतरवून घेतलं, पण ते सुद्धा व्ह्यूज बघूनच निवडणार ना, सगळं उचलायला ट्रक कुठून आणायचे. त्या महिन्याच्या अखेरीला ॲमेझॉनने ट्विच ९७ कोटी डॉलरला घेतलं, तर माणसं अजूनही म्हणतात की विकायच्या आधी घर झाडून घेतलं. असेल, नसेल, मी त्यात पडत नाही.

आणि हायलाइट कापून ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही, २०२५ च्या एप्रिलपासून हायलाइट आणि अपलोड मिळून एका चॅनलला १०० तासांची मर्यादा आली, त्याच्या वरचं कमी बघितलेलं आधी उडवणार. म्हणजे निकष परत तोच, किती लोकांनी बघितलं.

तुमच्या 'कधी जात नाही' ह्या वाक्याबद्दल एकच सांगते. चंद्रावर माणूस उतरला, जुलै १९६९, त्याच्या मूळ सिग्नलच्या टेप नासाने पुसून परत वापरल्या होत्या. त्यांना तर माहीत होतं की हे महत्त्वाचं आहे.

प्रश्न : मी पहिल्या रात्री तिथे होतो!! मला स्पष्ट आठवतंय, वर तो अनार्की आणि डेमोक्रसीचा पट्टा इकडून तिकडे सरकत होता आणि आम्ही सगळे अनार्की अनार्की टाइप करत होतो. माझी साक्ष घ्या.
— पहिल्या फळीतला

साक्ष घेतली असती पण पट्ट्याने घात केला. डेमोक्रसी पहिल्या रात्री नव्हतीच. सुरुवातीला फक्त अनार्की, म्हणजे येईल ते बटण लगेच दाबलं जायचं. टीम रॉकेट ह्या गेममधल्या गुंडांच्या अड्ड्यात ती गरगर फिरवणारी फरशी आहे ना, तिथे गर्दी तासन्‌तास अडकून पडली, त्यानंतर, म्हणजे सुरू होऊन पाच-सहा दिवस झाल्यावर, ती पद्धत आणली की काही सेकंद मतं गोळा करायची आणि ज्याला जास्त मतं ते बटण. लोक भडकले, स्टार्ट९ स्टार्ट९ टाइप करून निषेध केला, म्हणजे नऊ वेळा मेनू उघडझाप आणि गेम जागच्या जागी, आणि मग तो सरकणारा पट्टा आला की कुठली पद्धत हवी ते पण तुम्हीच ठरवा.

म्हणजे तुम्ही होतात, ते खरं असेल, पण साधारण सहाव्या-सातव्या दिवशी. वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणणारी तुमच्यासकट चार पत्रं आलीत आणि चौघांनाही पट्टा आठवतोय.

प्रश्न : ताई व्हिडिओ नसेना का, चॅट तर असेल ना? चॅट म्हणजेच बटणं. सगळी बटणं क्रमाने परत एम्युलेटरमध्ये घातली की तोच गेम परत खेळला जाणार, मग फुटेज आपोआप तयार. मी इंजिनिअरिंगला आहे, सेकंड इयर. हे कुणी का करत नाही?
— कोड लिहिणारी

अगं हा प्रश्न आवडला मला, सगळ्यात जास्त वेळ ह्याच्यावर घालवला.

तुझा पहिला मुद्दा बरोबर आहे. मजकूर फार हलका असतो. ट्विचचं चॅट त्या वेळी आयआरसीवर, म्हणजे गप्पांच्या एका जुन्या, खुल्या पद्धतीवर, चालायचं, कुणीही साधा आयआरसीचा प्रोग्राम जोडून ओळी उतरवून घेऊ शकत होतं. मी सहज हिशोब केला, व्हिडिओ सेकंदाला २ मेगाबिट धरला तर तासाला ९०० मेगाबाइट, म्हणजे ३९० तासांचे साधारण ३५० गिगाबाइट, २०१४ मध्ये घरच्या हार्ड डिस्कला हे बरंच ओझं. आणि एकूण बटणं झाली १२ कोटींच्या आसपास, एका ओळीला नाव-वेळेसकट ४० बाइट धर, म्हणजे पाच गिगाबाइटसुद्धा नाही, दाबून ठेवलं तर आणखी कमी. तेव्हा जगायचं तर मजकूरच जगतो.

पण परत खेळवायला गेलीस की फसशील. पोकेमॉन रेडमध्ये गवतात कोण भेटणार, हल्ला लागणार की चुकणार, हे ज्या यादृच्छिक आकड्यावरून ठरतं तो आकडा गेम बॉयच्या एका सतत पळणाऱ्या टायमरवरून काढला जातो. तो टायमर कुणासाठी थांबत नाही. म्हणजे तेच बटण तू एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, उशिरा दाबलंस, आणि सेकंदात साठ फ्रेम असतात, तर भेटणारा पिजी भेटणार नाही, रॅटाटा भेटेल, त्याच्याशी लढाई चार बटणं जास्त लांबेल, आणि ती चार बटणं जी मूळ गेममध्ये उत्तरेला चालायची होती ती इथे मेनूत खर्च होतील. तिथून पुढे सगळंच वेगळं. तासाभरात तुझा गडी एका गावात आणि खरा गडी दुसऱ्याच गावात. चॅटच्या लॉगमध्ये वेळ लिहिलेली असते सेकंदाची, त्यात साठ फ्रेम कुठं मावणार?

बरं, अजून एक. चॅटमध्ये आलेली प्रत्येक ओळ गेमपर्यंत पोचलीच असं नाही. ट्विचचे चॅट सर्व्हर ह्या चॅनलने इतके धापा टाकायला लागले की त्यांना ते वेगळ्या सर्व्हरवर हलवावं लागलं. काही ओळी बॉटला मिळाल्या नसतील, काही तुझ्या लॉगवाल्याला मिळाल्या नसतील, आणि दोघांना न मिळालेल्या वेगवेगळ्या असतील. उरलं काय मग, तर बॉटने स्वतः एम्युलेटरला नेमकी कुठल्या फ्रेमला कुठलं बटण दिलं त्याची नोंद असती, आणि एम्युलेटर अगदी तोच, त्याच व्हर्जनचा, तर आणि तरच तुझी आयडिया चालली असती. टूल वापरून स्पीडरन करणारे, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणारे, लोक हेच करतात, त्यांची फाइल म्हणजे फ्रेमगणिक बटणांची यादीच असते, तिथे ते मस्त चालतं कारण तिथे पहिल्यापासून नोंद ठेवायची असं ठरलेलं असतं.

सेव्ह फाइलवरून काही निघेल का असंही तू खाली लिहिलंयस. गंमत म्हणजे त्या पिढीच्या गेममधलं खेळलेल्या वेळेचं घड्याळ २५५ तासांवर जाऊन थांबतं, तासांना जागाच एका बाइटची. हा गेम गेला ३९० तास. म्हणजे गेमने स्वतःच शेवटचे साडेपाच-पावणेसहा दिवस मोजायचं सोडून दिलं, तो सुरुवातीचं काय सांगणार कपाळ.

तरी लॉग फेकून द्यायची गोष्ट नाही हं. कुठला तुकडा कधीचा ते त्यावरून जुळवता येतं, ते खाली सांगितलंय.

प्रश्न : मला स्पष्ट लिहितो म्हणून माफ करा, पण एक लाल टोपीवाला पोरगा भिंतीला धडका मारतोय हे बारा-चौदा तास बघायचंय कुणाला? मिळालं तरी तुम्ही तरी बघाल का पूर्ण?
— वेळ नसलेला

पूर्ण बघणार नाही. पण कुठला भाग बघेन ते सांगते.

मी पोचले तेव्हा चॅट इतकं पळत होतं की मी अप टाइप केलं आणि माझं नाव, कुणी कुठलं बटण दाबलं ते दाखवणाऱ्या बाजूच्या यादीतून, डोळ्याची पापणी लवायच्या आत गेलं. त्यातून स्ट्रीम मागे, वीस सेकंदांच्या वर, म्हणजे मी जे बघून बटण दाबतेय ते होऊन गेलेलं, आणि माझं बटण लागेपर्यंत गडी कुठे असेल देव जाणे. मी त्यात होते हे फक्त मला माहीत. पुरात एक बादली पाणी ओतल्यासारखं. मजा होती, नाही म्हणत नाही, पण ती जत्रेची मजा होती, खेळण्याची नव्हती.

पहिल्या काही तासांत मात्र लोक कमी होते. चॅनल एकच, गडी एकच, आणि बटण दाबणारे मोजता येतील एवढे. म्हणजे यादीत तुझं नाव आलं, थोड्या वेळाने गडी डावीकडे वळला, आणि तुला कळलं की हा मी वळवला. मग दुसऱ्या कुणीतरी लगेच उजवीकडे वळवला आणि तुला त्याचंही नाव दिसलं. मारामारी करायला समोर माणूस होता. उशीर होतो म्हणून आधीच बटण टाकायचं, हे कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल? रूट १ वरच्या त्या कठड्यांवरून खाली उडी मारता येते, वर चढता येत नाही, म्हणजे चार जणांनी कष्टाने वर नेलेला गडी एकाच्या एका डाउनने परत खाली, तर तिथे पहिला माणूस मुद्दाम डाउन म्हणाला तो कधी, आणि चुकून म्हणाले ते किती? गर्दी बेभान होते ते सगळ्यांनी बघितलंय, त्याचे तासच्या तास पडलेत. चार अनोळखी माणसं एका बाहुल्याला घराबाहेर काढायला शिकतायत ते बघायचं होतं मला. तो प्रयोगच त्यासाठी होता असं म्हणा हवं तर, असल्या पद्धतीने गेम चालू तरी शकतो का हे बघायला त्या माणसाने तो सुरू केला होता, आणि त्याचं उत्तर ज्या तासांत मिळालं तेच तास धड नाहीत.

नंतरचं सगळं एका अर्थाने उत्तर मिळाल्यावरचं आहे. मला तर वाटतं लोकांनी त्यावर जे पुराण रचलं, देव-दानव, प्रेषित, शहीद, ते थोडंफार ह्यामुळेच इतकं फोफावलं की सुरुवात कुणाच्या हातात नव्हती. जे बघितलेलं नसतं त्याच्यावर कथा छान बसते.

तेव्हा वेळ नसेल तर बघू नका, पण भिंतीला धडक मारणारा पोरगा पहिल्या तासात आणि दहाव्या दिवशी एकच नव्हता.

प्रश्न : हेलिक्स देवाचा जयजयकार पहिल्या दिवसापासून चालू होता का?
— भक्त

शक्यच नाही. हेलिक्स फॉसिल, म्हणजे गेममधला एक जीवाश्म, मिळतो माउंट मून नावाच्या गुहेत, तिथे पोचायच्या आधी बॅगेत तो नसतोच. मिळाल्यावर मात्र तो टाकून देता येत नाही म्हणून बॅगेतच बसून राहिला, गर्दी सारखी चुकून तोच निवडायची, लढाईच्या मध्ये निवडला की प्रोफेसर ओक सांगणार की हे वापरायची ही वेळ नव्हे, आणि त्यातून लोक म्हणायला लागले की गडी देवाचा सल्ला घेतोय. बस.

प्रश्न : एका ग्रुपवर मला 'ट्विच प्लेज पोकेमॉन पहिला तास, दुर्मिळ' अशी क्लिप आलीय, सव्वादोन मिनिटांची. खरी की बनावट कसं ओळखायचं? सोबत स्क्रीनशॉट पाठवतोय.
— सावध वाचक

स्क्रीनशॉट बघितला. मी काय काय बघितलं ते सांगते म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही बघता येईल.

आधी पट्टा. तो दिसला की पहिला आठवडा निम्म्याहून जास्त सरलेला आहे, विषय संपला. तुमच्यात तो नाही, छान. मग बॅग आणि पार्टी, म्हणजे सोबत असलेले पोकेमॉन. पहिल्या तासात बॅगेत फॉसिल, छातीवर बॅज असं काही असायचं कारण नाही. तुमच्या चित्रात चारमँडरचं नाव ते प्रसिद्ध एबीबीबी वगैरे आणि कंस असलेलं दिसतंय, ज्याला लोक ॲबी म्हणायचे, आणि नाव ठेवायच्या स्क्रीनवर गर्दीने अक्षरं बडवली की असंच होणार. पण ते नाव आता सगळ्या जगाला पाठ आहे, बनवणारा पहिल्यांदा तेच टाकणार, तेव्हा त्याला पुरावा समजू नका. ॲबी आणि तो जे लेनो म्हणतात तो रॅटाटा दोघंही पहिल्या आठवड्यातच सोडले गेले, म्हणजे ते दिसले तर क्लिप त्याच्या आधीची असल्याचा दावा आहे, एवढंच.

खोटी क्लिप पकडायची खरी जागा म्हणजे बाजूची यादी. गेमचं चित्र कुणीही एम्युलेटरवर अर्ध्या तासात तयार करेल, पण यादीतली नावं आणि त्यांचा क्रम? एखाद्या खऱ्या चॅट लॉगमध्ये तीच नावं, तीच बटणं, त्याच क्रमाने सलग वीस-पंचवीस ओळी जुळली तर मी मान डोलवेन. बनवणाऱ्याकडे लॉग असेल तर तो नावंही बरोबर टाकेल हे मान्य, पण मग गेममधला गडीही त्या बटणांप्रमाणे हलायला हवा, डाव्याला डावीकडे, आणि तिथे बहुतेकांची तारांबळ उडते, कारण वर त्या सेकंड इयरवालीला सांगितलं तेच, नुसत्या लॉगवरून गेम परत तसाच चालत नाही.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये यादीच कापलेली आहे. गेमची चौकट तेवढी ठेवून बाकी सगळं क्रॉप केलंय. ज्याच्याकडे दुर्मिळ वस्तू असते तो तिची ओळख पटवणारा भाग का कापेल? मी तर खोटी म्हणून बाजूला ठेवली. पूर्ण चौकटीची क्लिप मिळाली तर पाठवा, माझे शब्द मागे घेईन, आनंदाने घेईन.

प्रश्न : ताई, घाबरत लिहितेय. माझ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये २०१४ च्या फोल्डरात एक मोठी एफएलव्ही फाइल आहे, नावात ट्विच प्लेज पोकेमॉन आणि पुढे एक लांबलचक आकडा. त्याला काहीच आठवत नाही. प्लेअरमध्ये टाकली तर आवाज येतो, चित्र अडकतं. मी ती एमपीफोर करून बघू का?
— फोल्डर आवरणारी

थांब थांब थांब. काही करू नको एमपीफोर. हे वाचतेयस ना, तर आधी तो लॅपटॉप बंद कर आणि मग पुढचं वाच.

माझी एक जुनी डिस्क होती, तिच्यात माझी पाचव्या दिवसाची रेकॉर्डिंग होती, दोनच तासांची. जागा होत नव्हती म्हणून मी ती एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून बारीक करून घेतली आणि मूळ फाइल उडवली. बारीक केलेल्यात बाजूची यादी वाचता येत नाही, नुसते राखाडी किडे. डिस्क पुढच्याच वर्षी खडखडायला लागली ते वेगळंच. तेव्हा मला ह्यातलं दुःख स्वतःच्या खिशातून कळलेलं आहे.

तू असं कर. फाइल जशी आहे तशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर, आणि अजून एका डिस्कवर. तिन्हीचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढ, भावाला सांग तो काढून देईल, फुकट होतो, तिन्ही एकच आले म्हणजे कॉपी करताना काही सांडलं नाही. कॉपी करताना फाइलची तारीख बदलू शकते म्हणून मूळ फोल्डरचा, तारखा दिसतील असा, फोटो काढून ठेव, मोबाइलने काढलास तरी चालेल. मग जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. चित्र अडकतंय ह्याचा अर्थ फाइल मेली असा नाही, त्या वेळी ट्विचची साठवलेली प्रसारणं एफएलव्हीच्या, म्हणजे व्हिडिओच्या एका जुन्या प्रकारच्या, तुकड्यांतच असायची, अर्धवट उतरलेला तुकडा असेल तर शेपूट नसल्याने साधे प्लेअर गोंधळतात, दुरुस्त होतो बहुतेक वेळा. आणि इंटरनेट आर्काइव्हवर टाकायची झाली तर मूळच टाक, सुंदर करून टाकू नको.

आता तो लांबलचक आकडा. तो तू पत्रात लिहिला नाहीस आणि मी रात्रभर त्याचाच विचार करतेय. त्या काळच्या फाइलच्या नावात शेवटी जो दहा अंकी आकडा असायचा तो म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, म्हणजे तो तुकडा कधी सुरू झाला ती वेळ. १३९३ ने सुरू होत असेल तर तो २१ फेब्रुवारीनंतरचा, चांगला आहे, पण तसे बरेच आहेत. १३९२७ च्या पुढचा असेल तर गडी त्या फरशीवर अडकला होता त्या सुमाराचा किंवा नंतरचा. आणि १३९२२ ने सुरू होत असेल, तर तो १३ फेब्रुवारीच्या दुपारी दोनच्या आधीचा आहे, ग्रीनविचच्या वेळेने, म्हणजे पहिली रात्र.

फाइलचं नाव बदलू नको आणि आकडा मला कळव. मासिकाच्या पत्त्यावर नको, अंक निघायला महिना लागतो, फोनच कर.